संध्याकाळ झाली की सासूबाई बोचकं बांधतात

ताई, नमस्कार.

लग्नाला एकवीस वर्षं झाली. आम्ही वडगावात राहतो, घरातच चार माग आहेत. सासूबाई ७३ वर्षांच्या. माहेर सौंदत्तीकडचं, कानडी. पण लग्न झाल्यापासून पन्नासएक वर्षं या मराठी घरात काढली. आमचं घर माळकरी. त्यांना बीपी पंधरा वर्षांपासून, शुगर दहा वर्षांपासून. शुगरला मेटफॉर्मिन चालू आहे.

दोन वर्षांपासून विसरायला लागल्या. आधी आमटीत दोनदा मीठ पडायचं, मग भिशीचे पैसे कुणाला दिले ते आठवेना. आता जेवून हात धुतात आणि दारात बसून गल्लीतल्या बायकांना सांगतात, "सून जेवाय घालत न्हाई." सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार त्यांच्या खात्यावर येतात, ते मीच चोरते म्हणतात. संध्याकाळ झाली की लुगडं बोचक्यात बांधून "अव्वा वाट बघालीय, मी जातो" म्हणून निघतात. त्यांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात खरंच स्टँडवर जाऊन सौंदत्तीच्या बसमध्ये बसल्या. बायकांना आता तिकिटाला पैसे लागतच नाहीत. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं तर वडिलांचं नाव सांगायला लागल्या, म्हणून त्याला संशय आला आणि त्यानं उतरवून घेतलं.

निम्मं बोलणं आता कानडीत. मला थोडं कळतं, मुलांना शाळेमुळं येतं. पण मिस्टर चिडतात, "आई, मराठीत बोल की" म्हणून ओरडतात. शेजारी म्हणतात यल्लम्माचं काहीतरी राहिलंय. दीर म्हणतात वय झालं, असंच असतं. आणि दोघा भावांत महिन्याची पाळी लावूया म्हणतात. तीन आठवड्यांपासून सासूबाई रात्रभर जाग्या असतात, परसात माणसं उभी आहेत म्हणतात. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून दिली तर जास्तच झालं. परवा मी त्यांच्या हातावर चापट मारली. त्या रात्री मलाही झोप नाही.

हे वेड आहे की वय? मोबाईलवर यावर इंजेक्शन निघाल्याचं आलं होतं, ते खरं काय? पुढं माझ्या नवऱ्याला, मुलांना हे होणार काय?

— एक सून, वडगाव, बेळगाव


ताई,

तुम्ही पत्राच्या शेवटाकडे जाता जाता लिहून टाकलेली गोष्ट मी आधी घेते. तीन आठवडे झोप नाही, परसात माणसं दिसतात, गोळीनं वाढलं. दोन वर्षांचं विसरणं आणि तीन आठवड्यांचं हे, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. डिमेन्शिया, म्हणजे मेंदू बिघडत जाऊन आठवण आणि समज कमी होत जाणं, महिन्या-वर्षांनी पुढं सरकतो. चार-आठ दिवसांत माणूस एकदम बदललं तर मी नर्स असताना आम्ही वॉर्डात आधी लघवी तपासायला पाठवायचो. म्हाताऱ्या माणसाला लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला तर ताप येईलच, जळजळ होईलच असं नाही; कित्येकदा डोक्यातला गोंधळ एवढंच लक्षण दिसतं. रक्तातलं सोडियम उतरलं, पाणी कमी पडलं, चार दिवस पोट साफ नाही, छातीत कफ साठला, तरी हेच होतं. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. कारण सापडलं तर बहुतेक वेळा तो उतरतो. अंगावर काढला तर जीवावर बेतू शकतो.

म्हणून या आठवड्यातच घेऊन जा, पुढच्या नव्हे. आणि ती गोळीची पट्टी बरोबर न्या. मेडिकलमधून हातानं आणलेल्या झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्यासुद्धा, उतारवयात मेंदू आणखी गढूळ करतात. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उपडी करा. चिठ्ठीपेक्षा ते बरं. माणसं दिसतात हे सांगाच; त्यासोबत चाल मंदावली आहे का, हात थरथरतात का, मध्येच तास दोन तास एकदम शुद्धीवर आल्यासारख्या बोलतात का, हेही सांगा. डिमेन्शियाचा लेवी बॉडी नावाचा एक प्रकार असतो. त्यात अशी माणसं, जनावरं दिसतात, आणि डोकं शांत करण्याची काही औषधं त्यात उलटतात. डॉक्टरांना हे आधी माहीत असलेलं बरं.

आता दोन वर्षांचं. तुमचे दीर म्हणतात वय झालं की असंच असतं. नसतं. साठीच्या पुढं नावं चटकन आठवत नाहीत, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते चुकतं, हे वयाचं. जिनं पन्नास वर्षं स्वयंपाक केला तिला कुकर कसा लावायचा हे कळेनासं झालं तर ते वयाचं नाही. भारतात साठीपुढच्या लोकांची पाहणी झाली आणि तिचे आकडे २०२३ मध्ये आले; शंभरात सात-साडेसात जणांना डिमेन्शिया, म्हणजे देशात अंदाजे ८८ लाख माणसं. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यात शहरापेक्षा जास्त. पण तो आकडा असाही वाचता येतो की शंभरातल्या नव्वदच्या वर माणसांना तो नसतो.

डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नव्हे. ताप म्हटल्यावर मलेरिया की टायफॉइड हे जसं विचारावं लागतं, तसंच इथंही. सगळ्यात जास्त आढळतो तो अल्झायमर. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात एकावन्न वर्षांची एक बाई दाखल झाली. तिच्या घरच्यांना पहिल्यांदा जाणवलं ते तिचं विसरणं नव्हतं. ती नवऱ्यावर संशय घ्यायला लागली होती. तिला तपासणारे डॉक्टर आलोईस अल्झायमर. ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १९०६ मध्ये त्यावर भाषण दिलं. गृहलक्ष्मीच्या दोन हजारांवरून तुमच्यावर जो आळ येतो ना, तो या आजाराच्या पहिल्या नोंदीइतकाच जुना आहे. तुमच्या वागण्याशी त्याचा संबंध नाही. पैसे कुठं ठेवले ते आठवत नाही, आणि आठवत नाही हेही आठवत नाही, मग मेंदू रिकाम्या जागेत काहीतरी भरतो. जवळ कोण आहे? सून. आळ तिच्यावर.

अल्झायमरांना त्या मेंदूत दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साठलेला चिकट कचरा, ज्याला आज अमायलॉइड म्हणतात, आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता. गुंता हा शब्द तुमच्या घरात मला समजावून सांगायला नको. बहुतेकांत हा बिघाड मेंदूच्या ज्या कोपऱ्यात नव्या आठवणी तयार होतात तिथून सुरू होतो. मागावर आधी विणून गुंडाळलेलं कापड जागेवर आहे, पण कांडी संपलीय आणि नवा धागा येतच नाही, अशी ती अवस्था. म्हणून दुपारचं जेवण आठवत नाही आणि सौंदत्तीचं अंगण आठवतं. बोचकं बांधून निघतात ते सोंग नाही. त्यांच्या डोक्यात आत्ता त्या बारा-चौदा वर्षांच्या आहेत, दिवे लागायची वेळ झालीय आणि त्या परक्या घरात आहेत.

दुसरा मोठा प्रकार रक्तवाहिन्यांचा. बीपी आणि शुगर वर्षानुवर्षं असली की मेंदूतल्या केसासारख्या नळ्या चोंदतात, छोटे छोटे झटके येऊन जातात, घरच्यांना कळतही नाही. यात माणूस पायऱ्या उतरावं तसं उतरतं. काही महिने बरं, मग एकदम एक पायरी खाली. सासूबाईंचं वय आणि दुखणी बघता दोन्ही मिसळलेलंही असू शकेल. पण मी डॉक्टर नव्हे, तेवीस वर्षं वॉर्डात नर्स होते. निदान पत्रावरून करायचं नसतं.

आणि निदानाआधी एक गोष्ट राहिलीय, तुमच्या पत्रात मला आशा तिथंच दिसली. माळकरी घर आणि दहा वर्षं मेटफॉर्मिन. बी-१२ हे जीवनसत्त्व मुख्यतः प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळेल तेवढंच, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर ते अंगात कमी मुरतं. ते फार उतरलं की विसरणं, चिडणं, संशय, पायाला मुंग्या, तोल जाणं, सगळं होतं. उपाय साधी इंजेक्शनं. तसंच थायरॉइड कमी पडणं. तसंच डोक्यावर कधीतरी पडून कवटीच्या आत हळूहळू साकळलेलं रक्त. (न्हाणीत घसरल्या होत्या का, आठवून बघा.) खोल उदासीही अगदी डिमेन्शियासारखी दिसते. यातलं सगळंच निघेल असं मी सांगत नाही. दोन वर्षांची कहाणी बघता मूळ आजार वेगळा असण्याची शक्यताच जास्त. पण बी-१२, थायरॉइड, सोडियम, लघवी आणि डोक्याचा स्कॅन झाल्याशिवाय "म्हातारी खुळावली" हा शब्द घरात कुणी काढायचा नाही.

जायचं कुठं? बेळगावातच. बिम्सच्या सरकारी इस्पितळात किंवा केएलईच्या इस्पितळात मेंदूविकाराच्या किंवा मानसोपचाराच्या ओपीडीत सुरुवात करा. कर्नाटक सरकार आणि बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेनं मिळून ब्रेन हेल्थ क्लिनिकचा उपक्रम सुरू केला आहे; जिल्हा इस्पितळात गेलात की त्याची चौकशी करा. पुढं गरज लागली तर धारवाडची डिमहान्स दोन तासांवर आहे. आता तुमच्या घरात धारवाडचं नाव काढलं की काय होईल ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे "हिला धारवाडला न्या" ही शिवी आहे. ते इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासूनचं, तेव्हाचं वेड्यांचं इस्पितळ हे नाव अजून त्याला चिकटून राहिलंय. आज तिथं मेंदू आणि मन दोन्ही बघणारे डॉक्टर तयार होतात. टोमण्याच्या भीतीनं तपासणी चुकवू नका. यल्लम्माचं म्हणाल तर डोंगरावर दर्शनाला जरूर जा. माहेरचीच देवी आहे, सासूबाईंना बरं वाटेल. फक्त पौर्णिमेची गर्दी टाळा, आणि लघवीचा रिपोर्ट आधी घ्या.

डॉक्टरकडे गेल्यावर सुरुवातीलाच सांगा की या दोन भाषांच्या आहेत आणि शाळा चौथीपर्यंतच, की जेवढी असेल तेवढी. आज वार कोणता, हे तीन शब्द लक्षात ठेवा, असले प्रश्न विचारून तपासतात. त्या आतून कानडीत असताना मराठीत विचारलं तर जेवढं आहे त्याहून कमी दिसेल. ज्या भाषेत त्या सध्या जास्त बोलतात तिच्यातच विचारायला सांगा.

आता मिस्टरांच्या "मराठीत बोल की" बद्दल. हे वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. आपल्या गावात भाषा हा साधा विषय नाही. पाटीवरून, कागदावरून, शाळेवरून आयुष्यं गेलीत लोकांची. तुमच्या यजमानांचं दुखतं कुठं हे मी समजू शकते. पण आईच्या डोक्यात सीमाप्रश्न चाललेला नाही. दोन भाषांच्या माणसाला डिमेन्शिया झाला की नंतर शिकलेली भाषा आधी निसटू लागते आणि पाळण्यातली उरते, असं पुष्कळदा दिसतं. मराठी त्यांनी लग्नानंतर, सासूच्या धाकात, मागाच्या खडखडाटात शिकली. ती सोडून त्या कानडीकडे गेल्या असं नाही, मराठीच त्यांच्या हातून सुटतेय.

उलट त्या दोन भाषांनी कदाचित काही वर्षं राखलीही असतील. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही हा फरक होता. अशा अभ्यासातून कारण पक्कं सिद्ध होत नाही, सगळीकडे तोच निकालही आलेला नाही. पण बेळगावात बसून हे वाचताना बरं वाटतं, एवढं मात्र कबूल करते.

म्हणजे घरात कानडी चालू द्या. मुलांना शाळेतलं येतंय ना, त्यांना आजीशी बोलायला बसवा. ती तुमच्या घरातली सगळ्यात कामाची माणसं आहेत सध्या.

माझी आत्या खानापूर तालुक्यात होती, शेवटची पाच वर्षं अशीच. तिन्हीसांजेला उठायची, "म्हशी आल्या न्हाईत रानातनं." म्हशी विकून वीस वर्षं झालेली. आम्ही शहाणी माणसं तिला समजावत बसायचो. आत्या, म्हशी विकल्या, तूच पैसे मोजून घेतलेस. एकदा तर मी तिला मोकळा गोठा दाखवायला नेलं, पटावं म्हणून. तिला पटलं ते असं की आम्ही म्हशी चोरून विकल्या. रात्रभर शिव्या. हे महिनोन्महिने चाललं. मग एकदा तिचा नातू, चौदा-पंधरा वर्षांचा, बाहेरून आला आणि सहज म्हणाला, "बांधून आलो की, वैरण पण घातली." आत्या म्हणाली, "काळीनं दूध दिलं काय?" तो म्हणाला, "दिलं." ती झोपली. मी तेव्हा नर्स म्हणून अठरा वर्षं काम केलेली बाई, आणि हे मला एका पोरानं शिकवलं.

तेव्हा अव्वा गेली, चाळीस वर्षं झाली, हे सांगणं बंद करा. दरवेळी ती बातमी त्यांना नवीन आहे. आणि खोटं बोलायचं पाप लागेल म्हणत असाल तर खोटंही बोलायला नको, अव्वाबद्दल विचारा. अव्वा भाकरी कशी करायची, अंगणात काय होतं, बरोबर कोण खेळायचं. बोचकं हिसकावून सोडू नका, त्यांनाच बाजूला ठेवू द्या. ही वेळ यायच्या अर्धा तास आधी घरातले सगळे दिवे लावा, परसातलाही. संधिप्रकाशात सावल्या माणसांसारख्या दिसतात आणि दिवसभराच्या शिणानं डोकं त्याच वेळी जास्त बिथरतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी ऊन खायला बसवा.

आणि हाताला काम द्या. कांड्या भरायच्या ना त्या? डोक्यातली आठवण जाते तरी हाताची फार उशिरापर्यंत टिकते. मोटारीच्या यंत्रापाशी नको; जुना हाताचा चरखा माळ्यावर असेल तर उतरवा. नाहीतर रिकाम्या कांड्या आणि सुताची एक लडी पुढ्यात टाका. भरलेली कांडी रात्री उकलून सकाळी परत द्यायला हरकत नाही. शेंगा फोडायला द्या, पावटा सोलायला द्या. निवडलेल्यात खडे राहिले तर राहू देत, तुम्ही मागनं बघा.

जेवणाचं गाऱ्हाणं. "आत्ताच जेवलात की" याला काही अर्थ नाही, त्यांच्या लेखी जेवण झालेलंच नाही. ताट थोडं कमी वाढा आणि उरलेलं तासाभरानं वाटीत द्या. शुगर असल्यानं चुरमुरे, बिस्किटांपेक्षा ताक, थोडं उसळीचं. गल्लीतल्या दोन-तीन बायकांना एकदा घरी बोलावून, चहा देऊन, आजाराचं नाव घेऊन सांगून टाका. लपवलं की गल्ली स्वतःची गोष्ट रचते. पैशाचं म्हणाल तर दहा-दहाच्या नोटांचं एक पाकीट त्यांच्या कमरेला राहू द्या, आणि हरवलं की "कुठं ठेवलंय बघूया चला" म्हणून बरोबर शोधा. मी नाही घेतलं, हे सिद्ध करायला जाऊ नका.

बसचं मात्र मला भय वाटतं. पूर्वी म्हाताऱ्या बाईला पैशावाचून स्टँडवरून परत यावं लागायचं, आता बायकांना फुकट प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळं ती अडचण राहिली नाही. एकदा बसल्या म्हणजे पुन्हा बसतील. लुगड्याच्या आतल्या कडेला, चोळीच्या खिशात, जिथं त्या उपटणार नाहीत तिथं तुमचा आणि मिस्टरांचा नंबर कापडावर मराठी-कानडीत लिहून शिवून टाका. अलीकडचा एक फोटो मोबाईलमध्ये तयार ठेवा. कोपऱ्यावरचा दुकानदार, रिक्षा स्टँड, यांना सांगून ठेवा. दाराची कडी नेहमीच्या जागी न ठेवता वर किंवा अगदी खाली लावा. पण त्यांना एकटीला घरात कोंडून कुणी बाहेर जायचं नाही. घरात वीज आहे, सूत आहे, गॅस आहे. सापडत नाहीत असं झालं तर अर्धा तास आपापसात शोधत बसू नका, ११२ ला फोन करा.

एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मी विचारते. त्यांना ऐकू नीट येतं का? चाळीस वर्षं यंत्रमागाच्या आवाजात बसलेल्या माणसाचे कान शाबूत असणं अवघड. अर्धं ऐकू आलं की संशय दुप्पट होतो, कुजबुज आपल्याबद्दलच वाटते. कानातला मळ काढून घ्या, ऐकण्याची तपासणी करा. चष्माही बघा, मोतीबिंदू असेल तर सांगा. परसातली माणसं कधी कधी मोतीबिंदूतूनही येतात.

हेच मी तुमच्या मिस्टरांना आणि तुम्हालाही सांगणार आहे, कारण तुमचा तिसरा प्रश्न तोच आहे. एकाच जनुकातल्या दोषामुळं बापाकडून पोराकडे सरळ उतरणारा अल्झायमर फार विरळा, आणि तो बहुधा पासष्टीच्या आतच दिसतो. सासूबाईंचं सत्तरीनंतर सुरू झालं. एपीओई नावाच्या जनुकाचा एक प्रकार धोका वाढवतो, पण तो असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये हातात असलेली चौदा कारणं मांडली: कमी शिक्षण, बीपी, शुगर, वाढलेलं खराब कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, बसून राहणं, डोक्याला मार, उदासी, एकटेपणा, हवेतलं प्रदूषण, आणि दोन आपण आत्ताच बोललो ती, कान आणि डोळे. ही सगळी काढता आली तर जगातले निम्म्याच्या जरा कमी, ४५ टक्के, डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील असा त्यांचा हिशेब. मिस्टर मागावर कानात काही घालतात का? त्यांचं बीपी शेवटचं कधी बघितलं? चाळिशी-पन्नाशीतलं बीपी महत्त्वाचं, सत्तरीतलं मग फक्त सांभाळायचं.

इंजेक्शनची बातमी खरी आहे, अर्धी. लेकॅनेमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला २०२४ मध्ये. मेंदूतला तो अमायलॉइडचा कचरा ही औषधं खरोखर काढतात. शंभर वर्षांत हे पहिल्यांदा जमलं, मोठीच गोष्ट आहे. पण गेलेली आठवण परत येत नाही. लेकॅनेमॅबच्या चाचणीत अठरा महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. आणि ते फक्त अगदी सुरुवातीच्या अल्झायमरला. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय काढावे लागतात. तुम्ही वर्णन केलेल्या अवस्थेला ते औषध नाही. त्यासाठी घर गहाण टाकायचा विचार कुणाच्या डोक्यात आला तर आत्ताच काढून टाका. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही जुनी औषधं आपल्याकडे सहज मिळतात. ती आजार अडवत नाहीत, काहींना काही काळ जरा बरं ठेवतात. डॉक्टरांनी दिली तर चार-सहा महिन्यांनी फरक पडला का हे वहीत लिहून दाखवा. रक्तातून अल्झायमर ओळखायला मदत करणारी चाचणीही आली आहे, अमेरिकेत मे २०२५ मध्ये तिला परवानगी मिळाली. तुमच्या मुलांच्या पिढीला तिचा उपयोग होईल.

आणि आता ती चापट.

मी नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली होती. रात्रपाळी, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तीनदा सलाईन उपटलं. चौथ्यांदा मी त्यांचे दोन्ही हात पट्टीनं कॉटला बांधले. नियमात बसत होतं, कुणी मला बोललं नाही. पहाटे पट्टी सोडताना त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "बाई, मी काय चोरलं होतं?" तीस वर्षं होऊन गेली. तुम्हाला धीर द्यायला मी हे सांगत नाही. तीन आठवडे न झोपलेल्या माणसाचा हात उठतो, आणि पुन्हा उठणार नाही असं तुम्ही नुसतं ठरवून होणार नाही, म्हणून सांगते. पुन्हा तसं वाटलं तर त्यांना सुरक्षित बसवून परसात जा, दहा मिनिटं. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आधार सेवेचा नंबर, चोवीस तास, फुकट, आपल्या भाषांत बोलतात. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ आहे. तुमच्यासाठी करा तो फोन, सासूबाईंसाठी नव्हे.

दिरांची महिन्याची पाळी मला मुळीच पटलेली नाही. सासूबाईंना न्हाणीघर कुठं हे या घरात अंधारातही पायाला ठाऊक आहे. दर महिन्याला घर बदललं की दर महिन्याला नव्यानं हरवतील. पाळी लावायचीच तर माणसांची लावा. आठवड्यातल्या दोन रात्री दीर किंवा जाऊ तुमच्याकडे झोपायला येतील, तुम्ही त्या दोन रात्री दुसऱ्या खोलीत दार लावून झोपाल. औषधाचा, डॉक्टरचा खर्च निम्मा निम्मा. हे सगळ्यांना बसवून मिस्टरांनी सांगायचं, सुनेनं नाही. घर किंवा शेत सासूबाईंच्या नावावर असेल तर कुठल्याही कागदावर अंगठा घ्यायच्या आधी वकिलाला विचारा, नंतरची भांडणं फार वाईट असतात.

आणि हे पत्र मिस्टरांना वाचायला द्या. उद्या संध्याकाळी बोचकं निघालं की माग बंद करून त्यांनी दारात यायचं, आईचा हात धरायचा आणि म्हणायचं, "ऊट माडी होगूण." जेवून जाऊया. तीनच शब्द आहेत, मुलं म्हणून दाखवतील. बी-१२ चा आकडा आला की मला कळवा.